पितळी पाटीवरचं पाचवं नाव

परवा एका दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसले होते. समोर डॉक्टरांच्या नावाची नवीकोरी पाटी होती. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर कोरलेली, अक्षरं सुरेख, खोली एकसारखी. पण शिरोरेषेत जागोजाग उभ्या चिरा होत्या. दोन अक्षरं जिथं एकमेकांना भेटतात, नेमक्या तिथं. शेजारच्या बाईंना मी त्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, "डिझाइन असेल." तरी नंबर येईपर्यंत माझी नजर काही त्या चिरांवरून हटली नाही.

त्या चिरा कशानं पडतात ते सांगते, म्हणजे माझं काम काय होतं तेही कळेल. छापायच्या अक्षरांत प्रत्येक अक्षर सुटं असतं आणि आपापल्या डोक्यावरचा रेषेचा तुकडा घेऊन येतं. अक्षरं शेजारी ठेवली की ते तुकडे एकमेकांवर किंचित चढतात आणि सलग रेघ दिसते. छपाईत हे खपून जातं, कारण शाईवर शाई पडली तरी काळंच दिसतं. कोरणाऱ्या मशिनला मात्र शाई कळत नाही. त्याला अक्षराची बाहेरची कड लागते, आउटलाइन. प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिली, तर हत्यार प्रत्येकाभोवती वेगळं फिरतं आणि जोडावर रेषेला आडवं कापून जातं. म्हणून कोरण्याआधी कुणीतरी बसून त्या सगळ्या कडांची मिळून एक कड करावी लागते. आतल्या फालतू रेघा काढायच्या, तुटलेली कड जोडायची, फाटका कोपरा साफ करायचा. आता हे बटण दाबून होतं म्हणे, फक्त कुणीतरी आठवणीनं दाबावं लागतं.

सत्तरच्या दशकात सोलापुरात मी हे काम हातानं करत होते.

दुकान बाजारातल्या एका बोळात होतं. मालकांना सगळे आप्पा म्हणत. ते अक्कलकोटकडचे, घरात कानडी, दुकानात मराठी. त्यांनी एका कारखान्याच्या भंगारातून पँटोग्राफ मशीन आणून दुरुस्त करून घेतलं होतं. त्याला दोन हात असतात. एका हाताची सुई मोठ्या अक्षराच्या साच्यातल्या खाचेतून फिरवायची. दुसऱ्या हाताला फिरतं हत्यार असतं, ते तेच अक्षर लहान करून पितळेवर कोरत जातं. मशिनबरोबर इंग्रजी अक्षरांचे साचे आले होते, मराठीचे नव्हते. ते करायला आप्पांना हात स्थिर असलेलं माणूस हवं होतं. मी ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास झालेली होते. माझे वडील गिरणीत होते. आप्पांच्या ओळखीच्या एका मास्तरांनी माझं नाव सुचवलं. बसून करायचं काम आहे म्हटल्यावर घरच्यांनीही होकार दिला.

छापखान्यातून खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांचा, ठसा आणायचा. फोटो स्टुडिओतून तो वाढवून घ्यायचा. वाढवला की कळायचं, खिळ्याचं अक्षर किती फाटकं असतं. शाई पसरलेली, कान्याचं टोक झिजलेलं, 'क्ष'च्या पोटातली जागा बुजलेली. त्यावर पारदर्शक कागद ठेवून मी कड काढायची. ती कुठं तुटता कामा नये, स्वतःवरून जाता कामा नये, आणि वळणावर मध्येच जाड-बारीक होता कामा नये. मग ती पत्र्यावर उतरवून रशीदभाई खाच पाडायचे. रशीदभाई म्हणजे आमचे मशीनवाले. वय पन्नाशीचं, बोलणं कमी. साचा हातात आला की डोळे मिटून सुई सगळ्या खाचेतून एकदा फिरवून बघायचे. कुठं अडली की साचा माझ्या टेबलावर परत यायचा.

आप्पांचा एकच नियम होता. "सुमन, आपण कोरणारे. कागदावर असेल ते कोरायचं. बरोबर-चूक गिऱ्हाईक बघेल."

हा नियम मी पहिल्याच वर्षी मोडला आणि तोंडघशी पडले. एका वकिलांच्या पाटीवर 'शामराव' होतं, मी शहाणपणानं 'श्यामराव' केलं. पाटी पाहून ते रागावले नाहीत. खुर्चीत बसून शांतपणे म्हणाले, "बाई, माझ्या वडिलांना शाळा ठाऊक नव्हती. त्यांनी शामच ठेवलंय. तुम्ही बापाला दुरुस्त करणार का?" पाटी पुन्हा करून द्यावी लागली. तेव्हापासून कागदावरची वेलांटीसुद्धा मी हलवली नाही.

अशी तीन-चार वर्षं गेली. दुष्काळ सरून गेला होता, पण त्याची कामं अजून येत होती. कुठं बांध, कुठं शाळेची खोली, कुठं पाण्याची टाकी, त्यावर लावायच्या पाट्या. एका दुपारी करकंबच्या बाजूच्या एका गावाहून शाळेचे गुरुजी आले. गावाचं नाव इथं लिहीत नाही. उन्हातून आलेले, घाम पुसत त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

दुष्काळात त्यांच्या गावची विहीर खोल करायचं काम निघालं होतं. एके दिवशी दुपारी बाजूची दरड सुटली आणि आत काम करणारी पाच माणसं गाडली गेली. त्याच विहिरीला पुढं पाणी लागलं. आता गावानं कठडा बांधला होता आणि त्यावर पाचांच्या नावाची पितळी पाटी लावायची होती. गावसमितीचे चिटणीस गुरुजीच होते. दहा-बारा दिवसांवर कार्यक्रम ठरला होता.

मी कागद वाचला. वर दोन ओळींचा मजकूर, खाली नावं. चार ओळींत चार नावं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पाचव्या ओळीत होतं, 'एक वडारी स्त्री'.

मी विचारलं, "गुरुजी, यांचं नाव?"

"ती गावची नव्हती, बाई. वडाऱ्यांची टोळी आली होती खडक फोडायला. हजेरीवर नवऱ्याचं नाव आणि पुढं 'जोडी', म्हणजे नवरा-बायको, एवढंच असायचं. ती गेली आणि आठवड्यात टोळीनं पालं उचलली. गावात कुणालाच तिचं नाव सांगता येईना."

"नवऱ्याचं काय नाव होतं?"

"हणमंता. धोत्रे का काहीतरी."

आप्पांनी माप घेतलं, पाटीचा आकार ठरवला, गुरुजी गेले. मी कागद टेबलावर टाचला आणि कामाला लागले. पहिली चार नावं दोन दिवसांत उतरवली. पाचव्या ओळीशी थांबले.

खरं तर थांबायचं काही कारण नव्हतं. 'एक' सोपं, 'वडारी' सोपं, 'स्त्री'चा साचा आधीच तयार होता. पण पेन्सिल पुढं जाईना. आमच्या आजोबांचं नाव त्यांच्या गावच्या जुन्या कागदांत कुठंही नव्हतं. जिथं जिथं त्यांचा उल्लेख होता तिथं जातच लिहिलेली होती, आणि पुढं काम. वडिलांनी हे मला एकदाच सांगितलं होतं, तेही जेवता जेवता, काही विशेष नसल्यासारखं.

मी आप्पांना म्हटलं, "मला दोन दिवस द्या. नाव शोधते."

आप्पांनी गल्ल्यावर बोटं वाजवली. मग म्हणाले, "बाकीची पाटी तयार ठेव. दोन दिवसांत मिळालं नाही तर कागदावरचं कोरायचं. नंतर माझ्याशी वाद घालायचा नाही."

शोधायचं कुठं, हे मला ठाऊक नव्हतं. रशीदभाईंनी मशीन पुसता पुसता सांगितलं, "लोहार कू पूछ, बेटी. छिन्नी कू पानी देने वो लोगां उसीच के पास आते." आमचीही हत्यारं धार लावायला त्याच लोहाराकडे जायची. दगडावर बोथट झालेली छिन्नी तापवून, ठोकून, पाण्यात विझवून घ्यावी लागते, आणि दगड फोडणाऱ्याला ते चार-दोन दिवसांनी लागतंच. लोहाराला हणमंता धोत्रे माहीत होता. "कुंभारीकडं खाणीवर असतोय त्यो," तो म्हणाला, "मंगळवारी येतोय हिकडं."

मंगळवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं कुंभारीला गेले आणि तिथून विचारत विचारत खाणीवर पोचले. पाचसहा पालं होती. उन्हात बायका खडी फोडत बसल्या होत्या. हणमंता एका मोठ्या दगडात पाचर ठोकत होता. मी कोण, कुठली, कशासाठी आले ते सांगितलं. त्यानं घण खाली ठेवला, पण वर पाहिलं नाही.

"त्यांचं नाव काय होतं?" मी विचारलं.

तो दगडावर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं त्याला ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा विचारलं. तेव्हा खडी फोडणाऱ्या बायकांतली एक थोराड बाई उठून आली. "त्येला नका इच्यारू," ती म्हणाली. "आमच्यात बायकूचं नाव न्हाय घेत नवरा. मी तिची थोरली भन. तुमाला कशाला पायजे? आमाला कुटं अंगठा लावायचा न्हाय. पोलिस आलते तवा एकदा लावलाय."

"अंगठा नको. पाटीवर घालायचंय."

"कसली पाटी?"

मी पिशवीतून कागद काढून चारही नावं तिला वाचून दाखवली. त्या चौघांना ती ओळखत होती. एकेका नावाला मान हलवत होती. "ह्यो लई गरीब पोरगा हुता," दुसऱ्या नावाला म्हणाली. मग मी पाचवी ओळ वाचली. तिनं मान हलवली नाही.

"दुर्गव्वा," ती म्हणाली. "दुर्गव्वा हणमंता धोत्रे."

मी दोनदा तिच्याकडून म्हणवून घेतलं. 'दुर्गाव्वा' की 'दुर्गव्वा', हे तिच्या तोंडाकडं बघत नीट ऐकलं. शामरावांचा धडा मी विसरले नव्हते. तिची आई जशी हाक मारायची तसंच मला हवं होतं.

निघताना तिनं मला पाणी दिलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. "त्या दिवशी सकाळी ती म्हनली हुती," ती सांगू लागली. "कड फुगलीया म्हनली. हातोडा मारला तर आवाज पोकळ येतोय म्हनली. तिला कळायचं ते. मुकादम म्हनला, दुपारपतुर हुंद्या, मग बगू. ती गावची पोरं हसली तिला. मग सगळीच उतरली खाली. तीबी उतरली."

"हे कुणाला सांगितलं का?"

"कुणाला सांगायचं?"

मी परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा कागदावर नाव होतं आणि डोक्यात हे बोलणं होतं. नाव मी पाटीवर घातलं. हे बोलणं मात्र कुठंच घातलं नाही. गुरुजींना सांगितलं असतं तर समितीत वाद झाला असता, मुकादमाचं नाव निघालं असतं, कार्यक्रम पुढं गेला असता आणि कदाचित पाटीच राहिली असती. असा हिशेब मी तेव्हा मनाशी केला. तो बरोबर होता की मी भ्याले होते, हे आज इतक्या वर्षांनी मला ठरवता येत नाही. त्या बाईनं मला विश्वासानं दोन गोष्टी दिल्या होत्या. मी एकच पोचवली.

'दुर्गव्वा' हे नाव कोरायला सोपं नव्हतं. 'दु'चा साचा होता. 'र्ग'चा रफार शिरोरेषेला चिकटतो, तिथं कड बाहेर काढून परत आत आणावी लागते. 'व्वा'चा साचा आमच्याकडं नव्हताच, कारण तोवर आमच्या पितळेवर कुणा यल्लव्वाचं, दुर्गव्वाचं, नागव्वाचं नाव आलंच नव्हतं. सोलापुरात अशा हजारो बाया असतील, पण दारावर पाटी लावायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नव्हती. छापखान्यातला खिळाही झिजलेला निघाला. मग मी अर्धा 'व' हातानंच काढला आणि पुऱ्या 'व'ला जोडला. पहिल्यांदा पोटातली जागा बुजली. दुसऱ्यांदा जोड जाड झाला. तिसरा साचा रशीदभाईंनी डोळे मिटून फिरवला आणि म्हणाले, "हितं अडकती," आणि नखानं जागा दाखवली. अर्ध्या 'व'च्या मानेत केसाएवढा कोपरा राहिला होता. तो काढला. चौथ्यांदा सुई सरळ गेली.

आप्पांनी कोरण्याआधी पाचवी ओळ वाचली. "कुणी सांगितलं?"

"सख्ख्या बहिणीनं."

"गिऱ्हाइकाला विचारलंस?"

"नाही. पाटी परत आली तर दुसरी करून देऊ. ती मी माझ्या सुट्टीत करीन."

आप्पांनी चष्मा काढला. पुन्हा घातला. "कोरा," ते रशीदभाईंना म्हणाले.

रशीदभाई कोरत होते तोवर मी 'व्वा'चा नवा साचा साच्यांच्या कपाटात ठेवायला गेले. आमच्या कपाटात अक्षरं ओळीनं लावलेली असत. एका खणात मात्र वारंवार लागणाऱ्या शब्दांच्या अख्ख्या पट्ट्या होत्या. 'यांच्या शुभहस्ते', 'यांच्या स्मरणार्थ', 'संस्थापक'. त्यांत एक पट्टी होती, 'व इतर'. ती मीच केली होती आणि तिचा मला अभिमान होता. 'इ'चं वळण काय साधलं होतं. इतक्या वेळा लागायची की प्रत्येक वेळी जुळवण्याऐवजी मी ती कायमची करून ठेवली होती. तिची खाच वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. 'अमुक अमुक व इतर सेवक', 'व इतर मजूर', 'व इतर ग्रामस्थ'. मी ती हातात घेऊन तिच्या खाचेवरून बोट फिरवलं.

ती पट्टी मी फेकली नाही. पुढंही वापरली, खोटं कशाला सांगू. पण त्यानंतर दर वेळी गिऱ्हाइकाला एवढं विचारायचे की इतर म्हणजे कोण. बहुतेकांना ते माहीत नसायचं. काहींना राग यायचा. एकदाच एक ओव्हरसियर खुर्चीवर बसले आणि त्यांनी आठवून आठवून सात नावं सांगितली. अक्षरं बारीक करून ती सातही नावं मी बसवली.

गुरुजी शनिवारी आले. पाटी काळा रंग भरून, घासून तयार होती, फक्त वरचा लाखेचा हात वाळायचा होता. त्यांनी वाकून वाचली. पाचव्या ओळीवर त्यांचे ओठ हलायचे थांबले. आप्पा उभे राहिले. मी सगळं सांगितलं. म्हणजे नावापुरतं सगळं.

गुरुजी म्हणाले, "समितीच्या ठरावात हे नाही."

"नाही," मी म्हटलं. "कागदावरचंच हवं असेल तर मंगळवारपर्यंत दुसरी करून देते."

"पटावर नाव नसेल तर पोराला मी वर्गात बसू देत नाही, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि ही यादी मीच लिहिली. शोधता आलं असतं मला. मी शोधलं नाही." मग त्यांनी टोपी नीट केली. "ठराव लिहिणारा मीच आहे. लिहीन तो नव्यानं. मंगळवारी न्यायला येतो."

मंगळवारी गुरुजींच्या आधी दुर्गव्वाची बहीण आली. बाजाराचा दिवस होता. डोक्यावर छिन्न्यांचं गाठोडं होतं. लोहाराकडं निघाली होती, वाटेत दुकान विचारत आली. हणमंता रस्त्यापलीकडं थांबला होता, तो आत आला नाही. ती चपला बाहेर काढून आली आणि दारातच उभी राहिली. मी तिला टेबलाशी बोलावलं आणि पाटी दाखवली.

"ह्यातली ती कंची?"

मी पाचवी ओळ दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओळीकडं पाहिलं, मग वर पहिल्या ओळीकडं पाहिलं. पदराला हात पुसला. अंगठा आणि पहिलं बोट पहिल्या नावाच्या अक्षरावर ठेवून उंची धरली, खड्ड्याचं माप धरावं तशी. बोटं तेवढीच ताठ ठेवून हात दुसऱ्या ओळीवर आणला. मग तिसऱ्या, मग चौथ्या. तिची बोटं दगडानं फुटलेली होती आणि जराही हलत नव्हती. रशीदभाईंनी मशीन बंद केलं.

पाचव्या ओळीवर तिनं हात ठेवला, नीट पाहिलं, आणि उचलला.

"सारकीच हाय की," ती म्हणाली.

"सारखीच आहे," मी म्हटलं.

तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं, रस्ता ओलांडला, हणमंताला काहीतरी सांगितलं, आणि दोघं लोहाराकडं गेली.